नाडीचे उत्तर पाठ, बोट मात्र चुकले

महोदय,

रुग्णसहायकाच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणाऱ्या आमच्या गुहागर परिसरातील मुली सध्या वीज गेली की मोबाइलच्या उजेडात प्रश्नसंच घोकताना दिसतात. मी निवृत्त परिचारिका असल्याने त्यांपैकी चौघी माझ्या पडवीत सरावाला येतात. प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, हे उत्तर त्यांना तोंडपाठ आहे. पण प्रत्यक्ष माझे मनगट पुढे केले, तेव्हा एकीने त्यावर अंगठा ठेवला आणि बहुधा स्वतःचेच ठोके मोजले! दंडाला अपुरा पडणारा पट्टा बांधल्यास रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, वापरलेली सुई पांढऱ्या टणक डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, या गोष्टी हाताला सवय झाल्याखेरीज परीक्षकासमोर ऐनवेळी सुचत नाहीत. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात मात्र रक्तदाबाचे एकच यंत्र असून तेही बहुतेक वेळा कपाटात कुलूपबंद असते. शुल्क पूर्ण घेतले जाते, हे वेगळे सांगायला नको. परीक्षेपूर्वी निदान आठवडाभर ग्रामीण रुग्णालयात, परिचारिकांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष सरावाची सोय जिल्हा प्रशासनाने करून द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, ता. गुहागर, जि. रत्नागिरी