मुकादमाचा नंबर

नेरुळ, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. आश्रयाला आलेल्या ज्या लोकांना तुमच्याकडे ब्रिटनमध्ये हॉटेलात ठेवलंय, त्यांच्या टीबीच्या तपासणीबद्दल तू लिहिलंस, "सगळे निमूट हात पुढे करतात, रक्त देतात, पण तोंड उघडत नाहीत." तेव्हापासून उत्तर मनात घोळतंय.

तू जायच्या आधी व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढायला आपण दोघं गेलो होतो, आठवतं? सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं तर टीबी नसल्याचा दाखला लागतो म्हणून. तुला तेव्हा साधा पावसाळी खोकला होता आणि तोही तू डॉक्टरांपासून लपवलास. बाहेर आल्यावर जिन्यात अर्धा तास खोकत बसलास. तू स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेला, खिशात नोकरीचं पत्र असलेला माणूस. मग सगळं मागे टाकून जीव मुठीत धरून आलेला माणूस काय काय लपवेल, याचा विचार कर.

आता माझी चूक सांगतो. आजवर कुणाला सांगितली नाही.

उलव्याला एका टॉवरच्या साइटवर आम्ही तपासणी ठेवली होती. पत्र्याच्या खोल्यांची लांबच लांब रांग, बहुतेक पोरं झारखंड आणि बंगालकडची, काही कुटुंबं आपल्या जालना-परभणीची. दिवसा तपासणी ठेवली तर खाडा पडतो, म्हणून रात्री आठला गेलो. तेवढी अक्कल होती. पण टेबल मांडलं मुकादमाच्या खोलीत, कारण पंखा आणि दिवा तिथेच होता. पोरांची बोली आम्हाला येईना, तेव्हा दुभाषी म्हणूनही मुकादमच बसला.

एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा समोर आला. मी विचारलं, खोकला किती दिवस? मुकादमाने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "नाही हो, धूळ आहे." मुलाची गळपट्टीची हाडं शर्टातून वर आली होती. मी त्याला डबी दिली. लाळ नको, छातीतून बेडका काढ, असं खुणेने दाखवलं. तो बाहेर गेला, पत्र्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला आणि डबीचं झाकण शर्टाच्या टोकाने पुसून माझ्या हातात दिली. दुसऱ्याच्या हाताला लागू नये एवढी काळजी त्या पोराने घेतली.

बेडक्यातला जंतू शोधणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर टीबी निघाला. फॉर्मवरच्या नंबरवर आमच्याकडून फोन गेला. फोन मुकादमाने उचलला. त्या पोराकडे मोबाईल नव्हता, त्याने मुकादमाचाच नंबर दिला होता, आणि मी तो न विचारता लिहून घेतला होता. दुसऱ्या दिवशी औषधं घेऊन गेलो तर खोली रिकामी. "गावी गेला," एवढंच कळलं. त्याने घेतलेली उचल फिटली होती की नाही, त्याला हाकललं की तो स्वतःच घाबरून गेला, काहीच कळलं नाही.

आपल्याकडे औषध फुकट आहे, सहा महिन्यांचा कोर्स आहे, पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. निक्षय, म्हणजे टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद, तिथला क्रमांक असला की उपचार दुसऱ्या राज्यात सुरू ठेवता येतो. हे सगळं त्याला सांगायचं होतं. तपासणीनंतर सांगू म्हणून राहून गेलं. डबी हातात द्यायच्या आधीच सांगायला हवं होतं.

तू विचारलंस, आम्ही सगळ्यांची रक्त तपासणी का करत नाही. तुमच्याकडे १६ ते ३५ वयाच्या नव्याने आलेल्यांचं रक्त तपासून झोपलेला टीबी, म्हणजे जंतू अंगात पण आजार नाही असा, शोधतात, ते तिथे बरोबर आहे. इथे झोपलेला जंतू इतक्या जणांच्या अंगात आहे की आधी खोकणाऱ्याला गाठणं भाग पडतं. तसं पाहिलं तर जंतू अंगात असलेल्यांपैकी जन्मभरात पाच ते दहा टक्क्यांनाच आजार होतो. तो उठतो उपासमारीने, अंगातली ताकद गेल्याने, आणि एका खोलीत बाराजण झोपले की पसरतो. म्हणून "बाहेरचे लोक रोग घेऊन येतात" हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्यातल्या कितीतरी जणांचा रोग आपण दिलेल्या खोलीत जागा होतो!

सक्तीची तपासणी आपल्या लोकांनी भोगलेली आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजीर घरात शिरले, आणि लोक आजाऱ्यांना लपवू लागले. रँडचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो, पण लपवलेल्या त्या आजाऱ्यांचं काय झालं, हे कुणी शिकवलं नाही.

तुमच्याकडचंही तूच मागे फोनवर सांगितलं होतंस. बेकायदा राहणाऱ्यांना शोधायला सरकारी आरोग्यसेवेने रुग्णांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा २०१७ चा तो करार, आणि ओरड झाल्यावर २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. तो मला आमच्या मुकादमासारखाच वाटला. यादी एकदा चुकीच्या हातात गेली की पुढची दहा वर्षं लोक खोकला गिळतात. टीबी निघाला तरी आश्रयाच्या अर्जाला धक्का लागत नाही, असं तू लिहिलंस. हे त्यांना त्यांच्या भाषेत कोण सांगतं? सुई टोचायच्या आधी की नंतर? दुभाष्या बदलल्यावर तिथली एक बाई पहिल्यांदा बोलली, हे तुझ्याच पत्रात आहे, आणि तू ते दोन ओळींत उरकलंस. माझ्या मते तुझ्या पत्रात सगळ्यात मोलाचं तेच होतं.

आता आम्ही टेबल नळाजवळ मांडतो, मुकादमापासून लांब. दुभाषी म्हणून त्याच पट्ट्यातली, पण दुसऱ्या साइटवरची बाई बोलावतो. नंबर लिहिताना विचारतो, "हा फोन कुणाच्या खिशात असतो?" गावाकडचा एक नंबर घेतो, आईचा, नाहीतर शेजारच्या दुकानाचा. छठला, पेरणीला कधी जाणार तेही विचारून ठेवतो, म्हणजे गोळ्या बरोबर देता येतात.

तुझ्या फॉर्मवर फोनचा रकाना आहे ना? तिथे कुणाकुणाचे नंबर आहेत, ते एकदा बघ आणि मला कळव. हॉटेलच्या मॅनेजरचा एखादा निघेल असं मला वाटतं.

त्या पोराच्या नावापुढे निक्षयवर अजून औषध सुरू झाल्याची नोंद नाही. दर सोमवारी उघडून बघतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा. थंडीत छाती सांभाळ.

तुझा मित्र