बीजनिधीची खिरापत होते कशी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या प्रदेशाचे पाणी, माती आणि ऊर्जा टिकवायची आणि तिथल्या लोकांची मिळकतही वाढवायची, हे एका विद्यापीठातल्या एका विभागाच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून दोन-तीन विद्यापीठांनी मिळून करायच्या संशोधनाला बीजनिधी, म्हणजे काम सुरू करण्यापुरती छोटी रक्कम, देण्याच्या योजना निघतात. हेतू उत्तम. पण त्या फसतात तेव्हा बहुतेकदा रक्कम तोकडी होती म्हणून नव्हे, तर ती संस्थांच्या संख्येने भागली गेली म्हणून.

तीन संस्था, रकमेचे तीन सारखे वाटे. प्रत्येक वाट्यातून एक साहाय्यक, एखादे उपकरण, दोन-चार प्रवास. शेवटी तीन स्वतंत्र अहवाल एकत्र बांधले जातात. संयुक्त असते ते फक्त मुखपृष्ठ. अंदाजपत्रक संस्थांच्या नावाने न मांडता कामांच्या नावाने मांडले, तर हे बरेचसे टळते: मोजणी, पाहणी, माहितीची जुळणी, विश्लेषण. यातली जुळणी सर्वांत वेळखाऊ, आणि नेमका तिच्यासाठीच रकाना नसतो.

भूजलाचे उदाहरण घेऊ. जलशास्त्रज्ञ पाणलोट क्षेत्र धरून विहिरींची पातळी दर महिन्याला मोजतात. अर्थशास्त्रज्ञ प्रशासकीय हद्द धरून वर्षातून एकदा कुटुंबांची पाहणी करतात. या दोन सीमा सहसा जुळत नाहीत. वर्षअखेरीला आकडे समोरासमोर ठेवले की कळते, ते एकमेकांत बसतच नाहीत. उपाय अवघड नाही, पण तो पहिल्या काही आठवड्यांतच करावा लागतो. प्रत्येक विहिरीला आणि पाहणीतल्या प्रत्येक शेताला अक्षांश-रेखांश जोडायचे, कुटुंबांचा नमुना पाणलोटाच्या आतूनच निवडायचा, आणि ‘गेल्या वर्षी किती पिकले’ असे मोघम न विचारता मोजणीच्या त्या त्या हंगामापुरतेच विचारायचे. शेताचा नेमका ठिकाणा ही खासगी माहिती आहे. ती कोणाकडे राहील आणि इतरांना किती ढोबळ स्वरूपात दिसेल, हे त्याच वेळी लेखी ठरवावे.

हा खटाटोप कशासाठी? ठिबकने दर एकरी लागणारे पाणी कमी झाले आणि उत्पन्न वाढले, एवढे पाहून अर्थशास्त्राचा अहवाल खूश होतो. पण वाचलेल्या पाण्यावर लागवडीचे क्षेत्र वाढले, आणि पूर्वी शेतातून झिरपून भूजलात परतणारे पाणीही थांबले, तर संपूर्ण खोऱ्याचा वापर घटत नाही. कधी कधी वाढतोच. शेतकऱ्याचा ताळेबंद आणि खोऱ्याचा ताळेबंद शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. संयुक्त संशोधनाला पैसे द्यायचे ते यासाठीच.

आता मुदतीचे. मंजुरीपत्र, मुख्य विद्यापीठाच्या खात्यात रक्कम, मग भागीदारांशी करार, मग त्यांच्या खात्यात रक्कम, मग साहाय्यकाची जाहिरात आणि मुलाखत. त्यातच लोकांशी बोलायचे असेल तर प्रत्येक विद्यापीठाच्या नैतिकता समितीची वेगळी मान्यता. चार महिने इथेच जातात. १२ महिन्यांच्या योजनेत उरतात ८, आणि ८ महिन्यांत पूर्ण ऋतुचक्र मोजता येत नाही. हंगाम हुकला की काम थेट एक वर्ष मागे. म्हणून मुदत १८ महिन्यांची असावी आणि ती शेवटच्या भागीदाराच्या खात्यात पैसे पडतील त्या दिवसापासून मोजावी. एका नैतिकता समितीचा निर्णय बाकीच्यांनी ग्राह्य धरावा. कराराचा मसुदा दर वेळी नव्याने लिहिण्याचीही गरज नाही: युरोपीय प्रकल्पांसाठी ‘डेस्का’ आणि ब्रिटनमधील विद्यापीठ-उद्योग सहकार्यासाठी ‘लॅम्बर्ट टूलकिट’ असे नमुना-करार तयार आहेत. मालकी हक्क, प्रकाशन, मध्येच बाहेर पडणारा भागीदार, ही कलमे त्यात आयती मिळतात.

प्रशासकीय वरखर्चाकडे सहसा कोणी पाहत नाही. मुख्य संस्थेने १५ टक्के कापले, उरलेल्या ८५ मधून भागीदाराने पुन्हा १५ टक्के कापले, की १०० मधले सव्वाबहात्तरच कामाला उरतात. अमेरिकी संघीय नियमांत यावर एक मर्यादा आहे: प्रत्येक उपअनुदानाच्या, म्हणजे भागीदाराला पुढे दिलेल्या रकमेच्या, पहिल्या ५०,००० डॉलरवरच मुख्य विद्यापीठ आपला वरखर्च आकारू शकते. २०२४ च्या दुरुस्तीपूर्वी हा आकडा २५,००० होता. लहान बीजनिधीत तर दुहेरी कपातीला सरळ मनाईच हवी.

निवडीबद्दल थोडे. समजा ४० प्रस्ताव आले, प्रत्येकामागे चार जण, प्रत्येकाचे पाच दिवस. म्हणजे ८०० कार्यदिवस. आणि मंजूर होणार चार. एवढ्याशा रकमेसाठी तीन पानांपेक्षा मोठा प्रस्ताव मागणे अन्यायच. शिवाय एका प्रदेशातले परीक्षक आणि अर्जदार एकमेकांना ओळखतात. किमान पात्रता तपासून उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत ऐकायला विचित्र वाटते, पण न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ मध्ये, तर जर्मनीच्या फोक्सवॅगन फाउंडेशनने २०१७ मध्ये ती काही अनुदानांसाठी वापरायला सुरुवात केली.

रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. आमच्या मते १० टक्के पहिल्या दोन महिन्यांत, फक्त प्रश्न नेमका करायला आणि करार उरकायला. ६५ टक्के त्यानंतर. उरलेले २५ टक्के एकत्र जुळवलेली माहिती समोर आल्यावर. ‘पुढे जाण्यात अर्थ नाही’ असा पुराव्यासह निष्कर्ष आला, तरी शेवटचा हप्ता मिळाला पाहिजे. नाहीतर प्रत्येक प्रकल्प यशस्वीच ठरतो.

आर्थिक वाढीचे वचन १८ महिन्यांत कोणी देऊ नये. तेवढ्यात एका टन उत्पादनामागचे पाणी, खर्च आणि मजुरी मोजता येते, तीही तुलनेसाठी योजनेबाहेरचे क्षेत्र आधीच निवडले असेल तर. तसेच ‘एकाला दहा निधी आणला’, म्हणजे बीजनिधीच्या एका रुपयामागे बाहेरून दहा रुपये मिळवले, ही फुशारकी जपून वाचावी, कारण भक्कम गटांना बाहेरचा पैसा बीजनिधीशिवायही मिळाला असता. खरी तुलना थोडक्यात हुकलेल्या अर्जदारांशी होते. ते पुढे कुठे पोहोचले हे पाहायचे, तर नाकारलेले प्रस्ताव त्यांच्या गुणांसह जपून ठेवावे लागतात.

आपले,
संशोधन-अनुदानांची छाननी करणारे काही अध्यापक