फॉरमॅट मारू देऊ नका

ग्लासगो,
रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही आणि दुकानदाराने "फॉरमॅट मारावं लागेल", म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने बसवावं लागेल, असं सांगितलं म्हणून तुम्ही कॉम्प्युटर रिक्षात घालायला निघालात, असं आई म्हणाली. जरा थांबा. फॉरमॅट मारला की बिघाड जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर सोसायटीचा सगळा हिशेबही जातो, आणि मुळात झालं काय होतं ते कळत नाहीच. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. फोनवर "कुठलं बटण? कुठल्या कोपऱ्यात?" यातच वेळ जातो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढंच बघा, फक्त हिशेबाचं सॉफ्टवेअर अडलंय की सगळंच? कॅल्क्युलेटर उघडा, नोटपॅड उघडा. ते उघडले तर विंडोज धडधाकट आहे, दुखणं त्या एका सॉफ्टवेअरपुरतं. तेही उघडले नाहीत तर पुढचं काही न करता मला फोन लावा.

आता दुसरी गोष्ट. सॉफ्टवेअर उघडत नाही, की उघडून दिसत नाही? तुमची सवय मला माहीत आहे. डबल क्लिक केलं, काही झालं नाही, की परत करायचं, मग आणखी जोरात करायचं. अशा वेळी पहिली प्रत आतल्या आत अडकून बसलेली असते आणि हिशेबाची फाइल तिनेच धरून ठेवलेली असते. मग नंतरची प्रत उघडायला जाते आणि काही न बोलता बंद होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, म्हणजे टास्क मॅनेजर येईल. त्यात सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' म्हणा. जितक्या वेळा नाव असेल तितक्या वेळा. मग एकदाच डबल क्लिक करा आणि चहाचा घोट घेईपर्यंत वाट बघा.

खालच्या पट्टीवर त्याचं चिन्ह येत असेल आणि समोर मात्र काहीच दिसत नसेल, तर माझा संशय गणपतीवर आहे. म्हणजे बाप्पावर नाही, चिन्मयवर! त्याने आरत्या दाखवायला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता ना? काही सॉफ्टवेअर आपली खिडकी शेवटी कुठे होती ते लक्षात ठेवतात. टीव्ही काढला तरी ती तिथेच उघडते, आपल्या स्क्रीनच्या बाहेर. पट्टीवरच्या चिन्हावर एकदा क्लिक करा, ऑल्ट धरून स्पेसबार दाबा, मग एम, मग बाणाचं कुठलंही एक बटण. आता माऊस हलवला की खिडकी त्याला चिकटून मध्ये येईल. क्लिक करून सोडून द्या.

"रोज रात्री बंद करतो, सकाळी चालू करतो, अजून काय करू?" असं तुम्ही म्हणालात. विजा चमकल्या की तुम्ही प्लगही काढता, तेही चांगलंच. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय. तो चालू असला, आणि बहुतेक ठिकाणी तो असतोच, तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (म्हणजे प्रिंटर, माऊस वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. कालचा अडकलेला ड्रायव्हर आज तसाच हजर! प्लग काढल्याने त्यात फरक पडत नाही. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून शट डाउन नको, रीस्टार्ट करा.

प्लगवरून आठवलं. कोपऱ्यातली तारीख बरोबर आहे का? मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ नावाचा सेल असतो. तो संपला आणि प्लगही काढलेला असला की कॉम्प्युटर तारीख विसरतो, आणि लायसन्सवाली सॉफ्टवेअर चुकीच्या तारखेला उघडायला नकार देतात. सेल घड्याळवाल्याकडेही मिळेल.

एवढ्याने जमलं नाही तर मला सगळ्यात जास्त उपयोग ह्याचा होईल: स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा तक्ता येतो. सॉफ्टवेअर कोसळलं त्या दिवशी लाल फुली असते, आणि अपडेट आलं किंवा काही नवीन बसवलं तर निळी खूण. "परवापर्यंत तर चालत होतं" असं तुम्ही म्हणता, तर त्या परवाच्या तारखेवर क्लिक करा. लाल फुलीच्या ओळीवर डबल क्लिक केलं की 'फॉल्ट मॉड्यूल नेम', म्हणजे नेमका कुठला भाग कोसळला त्याचं नाव, लिहिलेलं असेल. त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, अंदाजाने बोलण्यापेक्षा ते बरं. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' आहे, तीही बघून ठेवा. जुनं सॉफ्टवेअर व्हायरस समजून अँटिव्हायरसने कोंडून ठेवलेलं असू शकतं.

अमुक डीएलएल (सॉफ्टवेअरला चालायला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असा मेसेज आला तर ती सुटी फाइल कुठूनही उतरवू नका. हे प्रकरण बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस पॅकेजचं असतं, ते त्यांच्याच साइटवरून मी बसवून देईन. आणि गूगलवर सापडलेल्या 'हेल्पलाइन'ला तर फोन करूच नका. ही माणसं फार गोड बोलतात, स्क्रीन ताब्यात घेतात आणि बोलता बोलता बँकेपर्यंत पोचतात. शेजारच्या काकांनाही सांगून ठेवा.

ह्यातलं काहीही करायच्या आधी हिशेबाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. सॉफ्टवेअर उघडत नसलं तरी फोल्डर कॉपी होतं.

तुमचं विंडोज १० आहे, त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हा बिघाड त्यामुळे झालाय असं नाही, सपोर्ट संपला म्हणून सॉफ्टवेअर बंद पडत नाहीत. दुकानदार तेच कारण सांगून नवीन मशीन गळ्यात मारायला बघेल, त्याचं आत्ताच ऐकू नका. मी मार्चमध्ये येतेय, तेव्हा बघू.

इथे चारच्या सुमारासच अंधार पडायला लागतो. बाकी सगळं ठीक. तुमच्या रात्री नऊला फोन करते, तोवर टास्क मॅनेजर बघून ठेवा. आईला सांगा, मेतकूट संपलं.

तुमची,
मंजू