हौशी नाटकाची बातमी छापता, मग हौशी गेमची का नाही?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मी अमळनेरचा, मेडिकल दुकान आहे. तुमचा पेपर दुकानात सकाळीच येतो पण दिवसभर गिऱ्हाईकच वाचतं, माझ्या हाती रात्री शटर ओढताना लागतो. सगळ्याच गेमना वाईट ठरवणारा मागच्या रविवारचा तुमचा लेख मात्र मी दुपारीच वाचला, कारण सावद्याहून माझ्या ताईने त्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'मामांनी पण वाचावं', आणि संध्याकाळपर्यंत भाच्याच्या कॉम्प्युटरची वायर गोदरेजच्या कपाटात गेली होती. भाचा जळगावला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला घरी आलेला. म्हणून हे पत्र.

आधी जे बरोबर आहे ते कबूल करतो. लेखात पैसे लावायच्या गेमबद्दल जे लिहिलंय त्यातला एक शब्द खोटा नाही. माझ्या काउंटरवर उभं राहून रमीत हरलेली पोरं मी बघितलीत, एकाने तर बापाच्या बीपीच्या गोळ्यांचे पैसे त्यात घातले होते आणि माझ्याकडे उधारी मागायला आला होता. दाजींच्या गावात पण दोन-तीन घरं अशी बसलीत, त्यामुळे ताई घाबरली तर तिचं काही चुकलं नाही. पण साहेब, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्या कायद्यानेसुद्धा पैसे लावायची गेम वेगळी, ई-स्पोर्ट्स म्हणजे गेमच्या स्पर्धा वेगळ्या आणि नुसती करमणुकीची गेम वेगळी असे कप्पे केलेत. सरकारला जे जमलं ते तुमच्या लेखकाला जमू नये? रमी, पबजी, लहान पोरांची फुगे फोडायची गेम, सगळं एकाच गोणीत भरून तोंड शिवून टाकलं. आमच्याकडे औषध आणि टिकट्वेंटी एकाच शेल्फावर ठेवलं तर लायसन जाईल.

आता मी काय खेळतो ते सांगतो, हसू नका, वय ४१ आहे. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीची स्कायरिम म्हणून गेम आली. ओपन वर्ल्ड म्हणतात तिला, म्हणजे एक अख्खा बर्फाळ मुलूख दिलाय, डोंगर, गावं, गुहा, तुम्ही कुठेही जा, कोणाशीही बोला, घाई नाही. कंपनीने नंतर २०१२ मध्ये एक सॉफ्टवेअर फुकट दिलं, क्रिएशन किट, जेणेकरून लोकांनी त्या गेममध्ये स्वतःचे बदल करावेत. या बदलांना मॉड म्हणतात. बहुतेक लोक काय करतात, एखादी तलवार नवीन, एखादं घर नवीन, पाऊस जरा जास्त खरा वाटेल असा, एवढंच. पण काही येडे लोक असतात. आपल्याकडे ट्रकची चेसिस कंपनीतून येते आणि बॉडी गॅरेजवाला बांधतो की नाही, तसं यांनी स्कायरिमची फक्त चेसिस ठेवली, बाकी सगळं उतरवून नवीन मुलूख, नवीन माणसं, नवीन देव, नवीन गोष्ट, नवीन आवाज. याला टोटल कन्व्हर्जन म्हणतात. मी जी खेळतोय तिचं नाव एन्डेराल. बनवली जर्मनीतल्या शुअरएआय नावाच्या टीमने (या एआयचा हल्लीच्या चॅटवाल्या एआयशी काही संबंध नाही, टीमचं नाव वीसेक वर्षं जुनं आहे). याच टीमने त्याआधी २०१० मध्ये स्कायरिमच्या आधीच्या गेमवर नेहरिम नावाचं असंच काम केलं होतं. एन्डेरालला पाचेक वर्षं लागली, २०१६ च्या जुलैत जर्मनमध्ये आली, ऑगस्टमध्ये इंग्लिशमध्ये, मग २०१९ मध्ये आणखी वाढवून स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणि किंमत शून्य रुपये. फक्त स्कायरिम तुमच्याकडे विकत घेतलेली पाहिजे, ती सेलमध्ये स्वस्त मिळते. २०१६ लाच अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये चाहत्यांनी केलेल्या कामाचं बक्षीस तिला मिळालं.

मला ती आवडली त्याचं कारण थोडं धंद्याचं आहे. स्कायरिममध्ये मारामारीत जखमी झालो की मी खेळ थांबवून एका दमात पंधरा-वीस बाटल्या औषध पोटात रिचवायचो आणि परत उभा, मेडिकलवाल्याला हे बघून आतून कसंतरी व्हायचं. एन्डेरालमध्ये तसं केलं तर मरता. तिथे आर्केन फीवर नावाची भानगड आहे, जादूने जखम भरा नाहीतर औषध प्या, प्रत्येक वेळी तो ताप थोडा चढतो, शंभर टक्के झाला की खेळ खल्लास, आणि उतरवायला अँब्रोझिया नावाचं वेगळं औषध लागतं जे सुरुवातीला सहज मिळत नाही. म्हणजे औषधाला साइड इफेक्ट असलेली गेम मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली! दोन गोळ्या लिहून दिल्या तर चार घेणारी माणसं रोज काउंटरला येतात, 'लवकर बरं वाटेल ना भाऊ' म्हणतात, त्यांना मी काय समजावणार, पण या जर्मन पोरांनी ते गेममध्ये बरोबर समजावलंय. पहिल्या दिवशी मी ताप बघितलाच नाही आणि एका साध्या गुहेत मेलो, मग परत मेलो, मग डोकं ताळ्यावर आलं.

आणखी एक. स्कायरिममध्ये तुम्ही जसे मोठे होता तसे शत्रू पण मोठे होतात, इथे तसं नाही, चुकीच्या वाटेला गेलात की पहिलंच जनावर तुम्हाला फाडतं. एका जागेवरून दुसऱ्या जागी नकाशावर टिचकी मारून उडी पण मारता येत नाही. चालायचं. नाहीतर मायरॅड म्हणून मोठे उडणारे प्राणी आहेत, भाडं देऊन त्यांच्यावर बसायचं, आपल्या एसटीसारखंच, ठरलेल्या स्टॉपवरून ठरलेल्या स्टॉपवर. मला सुरुवातीला याचा राग आला, आठवड्याभराने लक्षात आलं की चालावं लागतं म्हणून रस्ते पाठ झालेत, कुठे झरा आहे कुठे पडकं देऊळ आहे हे मला आता धुळे रोडइतकं माहीत आहे.

गोष्ट मी सगळी सांगत नाही, भाचा अजून अर्ध्यातच आहे आणि तो हे पत्र वाचणार. एवढंच सांगतो की तुम्ही एका जहाजात लपून दुसऱ्या देशात पळून चाललेला निर्वासित आहात, आणि ज्या देशात जाऊन पडता तिथे प्रत्येक माणसाने काय काम करायचं हे धर्म ठरवून देतो. ती ठरलेली वाट सोडली की तुम्ही बिनवाटेचे. आर्क नावाचं राजधानीचं शहर आहे, वर पांढऱ्या दगडाची घरं आणि सूर्यमंदिर, आणि त्याच शहराच्या पोटात खाली गुहांमध्ये अंधारात दुसरं शहर, तिथे हे बिनवाटेचे लोक राहतात. मी पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरलो तेव्हा गेम पॉज करून बसून राहिलो थोडा वेळ. परदेशी पोरांनी लिहिलंय, त्यांना आपल्या गावकुसाबद्दल काय माहीत असणार, पण आपल्याकडच्या माणसाला ते लागायचं तिथे लागतंच.

आई एकदा पाणी प्यायला उठली, नेहमीसारखी बोलली, "रातना बारा वाजनात, हाई काय शे रे?" मी तेव्हा गेममधल्या एका खानावळीत होतो, तिथे गाणारी माणसं असतात, वाद्य घेऊन बसतात आणि अख्खं गाणं म्हणतात, ही गाणी पण याच टीमने नवीन केलीत. आई दारातच थांबली. "हाऊ कोन गाई ऱ्हायना?" म्हणाली. भाषेचं तिला काही कळलं नाही, पण गाणं संपेपर्यंत उभी होती, आणि मग जाता जाता म्हणाली की आता कानबाईच्या सणाला पण लोक डीजे लावतात. त्यावर मी काय बोलणार.

दोष पण सांगतो, नाहीतर तुम्हाला जाहिरात वाटेल. सुरुवातीचे दोन-तीन तास नुसती बडबड आहे, माणूस कंटाळतो. वस्तू बनवायचं काम जास्त किचकट केलंय. माझ्या जुन्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर मोठ्या शहरात गेलो की गेम अडखळते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या उन्हात कॅबिनेट उघडं ठेवून बाजूला टेबल फॅन लावावा लागतो, त्यात लाईट गेली की मागचा अर्धा तास पाण्यात, शेवटी इन्व्हर्टरची वायर ओढून घेतली. सगळं इंग्लिशमध्ये आहे, मराठी सबटायटल नाहीत, आणि भरपूर वाचावं लागतं, त्यामुळे आपल्या खेड्यातल्या हुशार पोराला पण पहिल्यांदा जड जातं. आणि ही लहान मुलांची गेम नाहीच, फार उदास आहे, माणसं मनातून मोडलेली दाखवलीत, आत्महत्येसारखे विषय आहेत. दहावीच्या पोराला मी स्वतः देणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. साहेब, आपल्या अमळनेरला ७२ वर्षांनी परत साहित्य संमेलन झालं फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेव्हा तुमच्यासकट सगळ्या पेपरांनी पानंच्या पानं भरली, चांगलं केलं. राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर हौशी नाटक झालं की तुम्ही फोटोसकट छापता, नेपथ्य कोणाचं प्रकाश कोणाचा हे पण छापता. मालेगावच्या लूमवाल्या पोरांनी हिंदी हिट पिक्चर आपल्या बोलीत आपल्या गल्लीत परत काढले तेव्हा दूरदूरहून पत्रकार बघायला आले, आणि ते काय होतं हो? दुसऱ्याची चेसिस आणि आपली बॉडी, तेच की. मग संध्याकाळी कामावरून आल्यावर पाच-पाच वर्षं बसून कोणी एवढा मोठा मुलूख उभा केला, लिहिला, आवाज दिले आणि फुकट वाटला, तर ते हौशी काम का नाही? पडदा नाही कॉम्प्युटर आहे म्हणून?

तुमच्या लेखात पबजीचं नाव चार वेळा आलंय. ती पबजी ज्याने बनवली त्याची सुरुवात पण दुसऱ्याच्या गेमवर मॉड बनवण्यातूनच झाली. काउंटर स्ट्राइक, जी आमच्या कॉलेजच्या काळात सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायचो, ती पण १९९९ मध्ये दोघा पोरांनी केलेला मॉड होता. ऑस्ट्रेलियातल्या एका वकिलाने स्कायरिमवरच २०१५ मध्ये एक मॉड केला, गावात कोणीही एक पाप केलं तर सगळे मरणार अशी गोष्ट होती, त्याला लेखनाचं बक्षीस मिळालं आणि २०२१ मध्ये त्याचीच स्वतंत्र गेम होऊन बाजारात आली, वकिली केव्हाच सुटली. हे मी ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या भाच्याने पण वकिली सोडायची का? त्याने सुरूच केली नाही ताई, म्हटलं. तिने फोन दाजींकडे दिला.

आता भाचा काय करत होता ते. तो नुसता खेळत नव्हता, क्रिएशन किट उघडून बसला होता. स्कायरिममध्ये एका नदीकाठी त्याने घर बांधलंय, सावद्याचं त्यांचं जुनं घर, पुढे ओटा, ओट्यावर खांब, आत देवळी, आणि मागे केळीची बाग करायची होती. अडचण अशी झाली की स्कायरिम पडला बर्फाचा देश, गेममध्ये पाइनची झाडं आहेत, भोपळ्यासारखं काय काय आहे, केळी कुठून असणार. मग पोरगं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर शिकायला लागलं आणि केळीचं झाड स्वतः बनवायला लागलं. तीन वेळा मला फोटो पाठवले. पहिल्यात पान प्लास्टिकसारखं होतं, मी म्हटलं हे हॉटेलच्या रिसेप्शनमधलं झाड आहे, वारा लागलेलं केळीचं पान कसं चिरफळतं ते घाल, नाहीतर रावेरचा माणूस ओळखणार नाही. दुसऱ्यात पान फाटलं पण घड वरच्या बाजूला तोंड करून, तो मी दाजींना दाखवला, कारण केळीतलं मला कळत नाही. दाजींनी चष्मा लावून बघितलं, म्हणाले केळी वरच वळते ते बरोबर आहे पण अख्खा घड खाली लोंबतो, आणि खाली कमळ, म्हणजे केळफूल, कुठंय? तिसऱ्यात कमळ आलं. आणि त्याच रविवारी तुमचा लेख आला.

माझी मागणी मोठी नाही. लेखकाने माफी वगैरे मागायची गरज नाही. रविवारच्या पुरवणीत नाटक, कविता, रांगोळी यांना जागा आहे तिथे महिन्यातून एकदा चार कॉलम आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पोरापोरींना द्या जे कॉम्प्युटरवर असं काही बनवतात, मला दुकानात येणारेच दोन-तीन माहीत आहेत, शोधले तर आणखी निघतील. आणि पैसे लावायच्या गेमवर जेवढं लिहायचं तेवढं लिहा, मी कात्रण काउंटरच्या काचेवर लावतो.

दाजींनी परवा फोन केला होता, वायर अजून कपाटातच आहे म्हणाले, पण ते स्वतःच विचारत होते की त्या झाडाला पिलं फुटलेली दाखवलीत का, बुंध्याशी पिलं नसलेली केळी कशी दिसेल.

आपला,
एक मेडिकलवाला वाचक, अमळनेर