रंगीत थाळी छापलीत, पण फोडणी कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रंगीत भाज्या-फळांवर अख्खं पान दिलंत, फोटो झकास, पण सगळं उकडलेलं नाहीतर कच्चं, तेलाचा थेंब नाही, असं का हो? आमच्याकडे तीन महिने हेच चाललंय, मुलाला जिममधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून बिनाफोडणीची कोशिंबीर, आणि मी मुकाट्याने गिळतेय. आता राहवेना म्हणून लिहितेय.

गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल, पालकात हिरव्याखाली दडलेला पिवळा, हे सगळे कॅरोटिनॉइड, ते पाण्यात नाही तर तेलात विरघळतात. रश्श्यावर लालसर तवंग येतो ना, त्यात तेच असतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांनी सात जणांना सॅलड खायला घालून रक्त तपासलं, तर बिनफॅटच्या ड्रेसिंगमधून हे रंग अंगात जवळजवळ उतरलेच नाहीत, तेल होतं तेव्हा उतरले. म्हणजे गाजराच्या कोशिंबिरीवर किंवा लाल भोपळ्याच्या भरितावर मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी पडते ती काही नुसती चवीपुरती नाही. टोमॅटोचं तर शिजवलं की लायकोपीन, म्हणजे तोच लाल रंग, आणखी सुटतं, त्यामुळे त्या बाबतीत सार चकत्यांपेक्षा सरस (सी व्हिटॅमिन मात्र शिजवताना कमी होतं, तेवढ्यासाठी कच्चा पण खावा).

जांभूळ-करवंदांची गोष्ट वेगळी, त्यांचा जांभळा रंग, अँथोसायनिन, पाण्यात विरघळतो, म्हणून तर जीभ जांभळी होते. मे महिन्यात सिंहगडावर द्रोणातून करवंदं घेतो तेव्हा तेल कोण शोधतंय! बिटाचा रंग तिसराच, बीटालेन. त्याने काहींची लघवी लाल होते, आमचे हे एकदा घाबरून थेट डॉक्टरकडे निघाले होते.

आणि बिचारा लसूण पांढरा म्हणून पानातून हद्दपारच केलात. त्यातलं अ‍ॅलिसिन, म्हणजे उग्र वासाचं ते गुणी द्रव्य, आधी तयार नसतं, पाकळी ठेचली की बनतं, म्हणून ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवावा, मग कढईत टाकावा.

खरा राग आला तो त्याच पानावरच्या बीटा कॅरोटीनच्या (म्हणजे गाजराच्या त्या केशरी रंगाच्याच) गोळ्यांच्या जाहिरातीचा. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, १९९४ मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतही असाच एक प्रयोग १९९६ मध्ये मधेच थांबवावा लागला. गाजर खाऊन असं कुणाचं झालेलं नाही, हे त्या जाहिरातीशेजारी दोन ओळीत छापता आलं असतं की.

पुढच्या वेळी भोपळ्याचे घारगे छापा, तळलेले म्हणून नाकं मुरडू नका, रोज कोण खातंय.

हे पत्र छापलंत तर कात्रण फ्रीजवर लावणारे, मुलाच्या डोळ्यासमोर. नाही छापलंत तरी आज रात्री कोशिंबिरीवर फोडणी पडणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे