मॅग्नेट भरला कसा, हेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

दारव्हा तालुक्यात मी शेतातल्या पंपांच्या मोटरी भरतो, म्हणजे तारेचे वेढे घालतो, म्हणून मॅग्नेटबद्दल जे दिसलं ते वाचतो, पण २०२१ मधल्या अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या २० टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) मॅग्नेटचं नुसतं कौतुक येते, तो भरला कसा हे कोणी सांगतच नाही. खरी गंमत तर तिथंच आहे न! तो ज्या रेबको टेपनं भरला ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यात सुपरकंडक्टरचा (खूप गार केला की करंटला अडवतच नाही असा पदार्थ) थर एक-दोन मायक्रॉनचाच, बाकी धातूची पट्टी न तांबं. लांबीकडून ताण मस्त सहन करते, पण थर उचकटला की गेली. आणि आपण वेढ्यावेढ्यातल्या इन्सुलेशनसाठी जीव टाकतो, तिथं ते मुद्दाम ठेवलंच नाही, कारण टेप एका जागी तापली तर करंट बाजूच्या वेढ्यात सरकतो न कॉइल जळायची वाचते, फक्त चार्ज व्हायला वेळ लागते. २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच एका छोट्या कॉइलनं ३१ टेस्लाच्या मॅग्नेटच्या पोटात बसून एकूण ४५.५ टेस्ला गाठलं, हे तर लय भारी वाटलं मला.

एखाद्या रविवारी आकृतीसकट अर्धं पान द्या साहेब, आयटीआयच्या पोरांना मी दुकानात बसवून वाचून दाखवतो.

– एक मोटर रिवाइंडर, जि. यवतमाळ