पत्रकावर 'मुफ्ती' कोणी छापलं?

मिरज, गुरुवार, रात्री

चि. बेटा,
अस्सलाम अलैकुम.

उर्दूत लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण माझं उर्दू तुला माहीत आहे, नुक्ते कुठे पडतील सांगता येत नाही. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा मराठीतच.

काल फोनवर मी आवाज चढवला, चढवायला नको होता. "अब्बा, नमाजाची वेळ झाली" म्हणून तू फोन ठेवलास. मी घड्याळात बघितलं, असरला अजून पाऊण तास होता. असो. रागावलेलो नाही.

पत्रक तुझ्या मामूनी व्हॉट्सॲपवर पाठवलं. वर उमेदवाराचा फोटो, खाली 'उलेमांचं आवाहन' आणि बारा नावं. तुझं नववं. नावाआधी 'मुफ्ती'. बेटा, तू दौरा-ए-हदीस, मदरशाचं शेवटचं वर्ष, करून आलास, आलिम आहेस. फतवे द्यायला, मुफ्ती व्हायला लागतो तो पुढचा अभ्यास, इफ्ता, तू केलेला नाहीस. करायचा होता तुला. घर बांधायला काढलं होतं, हात आखडला होता, म्हणून मीच म्हणालो, आता पुरे, ये घरी. ते मला अजून खातं. म्हणून काय दुसऱ्या कुणी ती पदवी फुकट छापून द्यावी? तू म्हणालास, छापखान्याची चूक. असेल. मग दुरुस्त करायला सांगितलंस का? यावर तू काही बोलला नाहीस, आणि तिथंच माझा आवाज चढला.

माझ्या किती निवडणुका मतदान केंद्रावर गेल्या, तुझ्या अम्मीला विचार. धर्माच्या नावावर मत मागणं म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण. २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी बहुमतानं त्याचा अर्थ आणखी रुंद करून ठेवलाय. तुला कायद्याची भीती घालत नाहीये. थोडी घालतोय.

तू म्हणालास, उलेमा राजकारणात कधी नव्हते? होते ना. १८५७ नंतर फज्ल-ए-हक खैराबादी अंदमानात गेले आणि तिथंच वारले. देवबंदचे शेखुल हिंद महमूद हसन आणि त्यांचे शागिर्द हुसेन अहमद मदनीसाहेब इंग्रजांच्या माल्टाच्या कैदेतून १९२० ला सुटले. जमियत उलेमा-ए-हिंद, उलेमांची संघटना, १९१९ ची. हे सगळं तूच मला सांगितलंस, आणि ऐकताना माझी छाती फुगायची, कारण शाळेच्या पुस्तकात मी हे कधी शिकवलं नव्हतं. पण पुढचंही तूच सांगितलं होतंस. मदनीसाहेबांनी १९३८ मध्ये लिहून मांडलं की हिंदू-मुसलमान मिळून या देशाची एक कौम, एक राष्ट्र, होऊ शकते. शेखुल हिंदांचेच दुसरे शागिर्द, शब्बीर अहमद उस्मानी, १९४५ मध्ये वेगळी जमियत घेऊन मुस्लिम लीगच्या, पाकिस्तानच्या बाजूला उभे राहिले. उस्ताद एक, मदरसा एक, कुराण तर एकच. एवढी मोठी माणसं दोन टोकांना गेली, मग अमुक निशाणीचं बटण दाबणं हा 'शरियतचा तकाजा', धर्माची मागणी, कसा? तुमच्या पत्रकात तिसऱ्या ओळीत तसं लिहिलंय. तुझं मत तू जरूर दे. चौकात उभा राहून सांग, हा माणूस बरा वाटतो, त्यानं गटार बांधलं. कोण अडवतो? अल्लाहचं नाव कशाला त्याला जामीन द्यायचं?

मास्तर झालो बघ परत. माफ कर.

तुला देवबंदच्या मदरशात सोडायला आलो ते आठवतं? मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, तुझी ती पत्र्याची निळी पेटी आणि अम्मीनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. देवबंदला उतरलो तेव्हा तू १४ वर्षांचा. परत निघताना तू रडला नाहीस, मी निजामुद्दीनच्या फलाटावर रडलो. पुढच्या रमजानला आलास तेव्हा गच्चीवर बसून इमाम अबू हनीफांचा किस्सा सांगितला होतास. खलिफा मन्सूर म्हणाला, काझी व्हा. ते म्हणाले, मी लायक नाही. खलिफा म्हणाला, खोटं बोलता. तर ते म्हणाले, मग खोटं बोलणाऱ्याला काझी कसं करता? तू इतका हसला होतास की सहर करायला उठलेल्या शेजाऱ्यांनी खिडकी उघडली. ते कैदेत वारले हे मात्र तू हळू आवाजात सांगितलंस. आता 'मुफ्ती' छापलेलं बघून मला तोच किस्सा आठवला. ते मिळत होतं ते घेत नव्हते, आणि तू...

नको. परत त्या पत्रकावरच आलो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९८३ मध्ये तुझ्या फुफीला, माझ्या बहिणीला, तिच्या नवऱ्याचं पोस्टकार्ड आलं. उंबऱ्यात उभं राहून तिनंच वाचलं. तीन वेळा तोच शब्द, खाली सही. अब्बाजान मौलवीसाहेबांकडे गेले. ते चहा पीत होते. म्हणाले, तरीका चुकीचा आहे, पण तलाक झाला. बस, एवढंच. दोन वर्षांनी तलाक दिलेल्या इंदूरच्या शाहबानोंचा सुप्रीम कोर्टात निकाल लागला, महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी. त्यावर मोर्चे निघाले. आमच्या मोर्चात तेच मौलवीसाहेब पुढं होते आणि मागं फलक धरून मी. शरियतमध्ये हात घालू नका, असं लिहिलेला. अक्षर माझंच होतं, चांगलं होतं म्हणून मला लिहायला दिला. संध्याकाळी घरी आलो तर फुफी मशिनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. "भाकरी गरम करू का?" एवढंच म्हणाली.

२०१७ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं कोर्टात सांगितलं की निकाह लावणाऱ्यांनी नवऱ्या मुलाला एका दमात तीन तलाक देऊ नको म्हणून समजवावं, असं आम्ही कळवू. मी पेपर खाली ठेवला. हेच ३४ वर्षं आधी एखाद्या मौलवीसाहेबांनी जुम्माच्या बयानात दमदारपणे सांगितलं असतं तर? तुझ्या दाराशी अशी कुणी आली तर तू चहा पीत बसणार नाहीस, एवढी खात्री आहे मला. पण ती येईल का? तिचा नवरा उमेदवाराचा माणूस असला, आणि तिनं तुझं नाव पत्रकावर वाचलेलं असलं, तर?

२०१९ च्या पुरात तू बकरी ईदला आला होतास. मशिदीचा वरचा मजला उघडून दिलास, आणि कुंभार गल्लीतल्या त्या आजीला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून आणलंस. ती अजून मला विचारते, "मास्तर, तुमचा मौलाना कसा आहे?" मी सांगतो, बरा आहे.

अम्मीचा बीपी ठीक आहे. पैसे पाठवू नकोस, पेन्शन झालीय.

पत्रकाची प्रिंट काढून घेतली होती. 'मुफ्ती'वर लाल पेनानं गोल केलाय, हात गेला आपोआप. कपाटात ठेवलीय. फुफीला दाखवली नाही. पण तिच्याकडेही आता व्हॉट्सॲप आहे.

तुझा,
अब्बा